त्या पेशी तुझ्या नव्हत्याच

पत्र :

डॉक्टरबाई, मी देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातली. वय २७. पहिल्या खेपेला एकतिसाव्या आठवड्यात रात्री झोपेतच पाणी गेलं. कळा नाहीत, दुखणं नाही, फक्त अंथरूण ओलं. तिथल्या दवाखान्यात तीन वेळा आत हात घालून तपासलं. चौथ्या दिवशी मुलगा झाला, दीड किलोचा. पेटीत २६ दिवस होता. आता तीन वर्षांचा आहे, ठणठणीत आहे. मला परत दिवस गेलेत, पंधरावा आठवडा चालू आहे. मागच्या डिस्चार्जच्या कागदावर ‘पीपीरॉम’ लिहिलंय. मोबाइलवर शोधलं, तर पडद्यातल्या पेशी मरतात आणि म्हणून पिशवी वेळेआधी फुटते असं वाचलं. तेव्हापासून झोप लागत नाही. माझ्या पेशी का मेल्या? हे कॅन्सरसारखं काही आहे का? आता परत मरतील का? सासूबाई म्हणतात, “कळशी उचललंस, म्हणान पाणी गेला.” त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलंय. मी पूर्ण नऊ महिने झोपून राहू का? व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी पडदा मजबूत होतो म्हणे, त्या घेऊ का? मिस्टर मासेमारीला जातात, कधीकधी रात्री घरी नसतात. सकाळी मशेरी लावते तेवढी सोडली तर मला कसलंही व्यसन नाही. नाव छापू नका.

— एक वाचक

उत्तर :

बाय, तुझं पत्र दोनदा वाचलं. कळशीपासून मोबाइलपर्यंत सगळ्यांनी मिळून तुला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय आणि तूही मुकाट्याने उभी राहिलीस. आधी तिथून खाली उतर.

ज्या पेशींबद्दल तू वाचलंस त्या तुझ्या नव्हत्याच. बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, आपल्याकडच्या जुन्या सुइणी जिला पाणमोट म्हणायच्या, ती आईच्या शरीरातून तयार होत नाही. ज्या गर्भापासून बाळ होतं त्याच गर्भापासून ही पिशवी आणि वार होते. म्हणजे ती बाळाची. तुझ्या गर्भाशयाचं अस्तर तिला बाहेरून चिकटलेलं असतं, तेवढाच तुझा भाग. आता कळशीचा विषय परत निघाला तर सासूबाईंना हळूच सांग की त्या पडद्याचा अर्धा वारसा त्यांच्या मुलाकडून आलेला होता. (भांडण होणार असेल तर नको सांगूस. मनात ठेवलंस तरी पुरे.)

हा पडदा मी हजारो वेळा हातात घेतलाय. बाळ झालं, वार पडली, की ती ट्रेमध्ये पसरून बघायची असते. पडदा पूर्ण आला का, आत तुकडा राहिला का, हे तपासायला. पालथा पंजा आत सरकवून पडदा उजेडासमोर धरला की पलीकडचं दिसतं. दोन पदर असतात. बाहेरचा कोरियॉन, जाडसर, धुरकट. आतला ॲम्नियॉन, बाळाच्या बाजूचा, चकचकीत आणि इतका पातळ की कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला पापुद्रा आठवावा. चिमटीत धरून ओढला तर तो कोरियॉनपासून सरळ सुटून येतो. आणि गंमत अशी, की पिशवीची ताकद मुख्यतः या पातळ पदरातच असते. त्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही. म्हणून तर पाणी गेलं तेव्हा तुला काही दुखलं नाही.

त्याला बळ येतं ते कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाच्या धाग्यांमुळे. तुमच्या घरात जाळी आहेत, म्हणून तुला हे पटकन कळेल. जाळं नुसतं नायलॉनच्या जोरावर टिकत नाही. दुपारी बंदरावर बसून फाटलेले आस, म्हणजे जाळ्याची घरं, शिवणारे हात असतात म्हणून टिकतं. पडद्यातल्या पेशी म्हणजे ते हात. त्या कोलॅजन बनवतात, जुनं काढतात, नवं घालतात. त्याच पडद्यात धागे कापणारी विकरंही असतात, एन्झाइम म्हणतात ती. पोटातलं बाळ वाढतं, पडद्याला ताण बसतो, तेव्हा थोडं कापायचं, थोडं शिवायचं, असं करतच पिशवी मोठी होत जाते. कापणं वाढलं आणि शिवणारे कमी झाले, की जाळं विरतं.

शिवणारे कमी होतात कसे, हाच तुझ्या मोबाइलवरच्या लेखाचा विषय. पेशी दोन तऱ्हांनी मरतात. एक मरण अपघाती. पेशी फुगते, फुटते, आतला सगळा ऐवज आजूबाजूला सांडतो आणि तिथे सूज येते. दुसरं मरण ठरवून आलेलं. पेशी आक्रसते, आतल्या डीएनएचे बारीक तुकडे करते, स्वतःच्या पुड्या बांधते आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. मागे काही घाण नाही, सूज नाही. या दुसऱ्या मरणाला १९७२ साली केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी ‘ॲपॉप्टॉसिस’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. नाव फार नेमकं आहे. तुझ्या परसातला माड बघ. जुनं चुडत कोणी तोडावं लागत नाही. वेळ झाली की झाड स्वतःच ते सोडून देतं आणि खोडावर एक कडं राहतं. माडाला रोग झालाय असं आपण म्हणत नाही.

तुझ्या मुलाच्या हाताची पाच बोटं सुटी सुटी आहेत ना? पोटात असताना तो पंजा आधी वल्ह्यासारखा सलग होता. बोटांमधल्या पेशी याच पद्धतीने मेल्या म्हणून बोटं मोकळी झाली. पेशी मरणं म्हणजे आजार नव्हे. आणि कॅन्सरचं तू विचारलंस, तर तिथे गोष्ट जवळजवळ उलटी असते. मरायची वेळ झालेल्या पेशी तिथे मरायचं नाकारतात. त्यामुळे ती भीती आज, आत्ता, काढून टाक.

पाणमोटीलाही तिचं आयुष्य नेमून दिलेलं आहे, साधारण चाळीस आठवड्यांचं. दिवस भरत येतात तसा पडदा म्हातारा होतो. त्यातल्या पेशी थकतात, काही ठरल्या मरणाने जातात आणि कोलॅजन कापणारी विकरं जोर धरतात. उंदरांच्या ॲम्नियॉनमध्ये कळा सुरू होण्याच्या आधीच हे घडताना दिसलं आहे. म्हणजे कळांच्या धक्क्याने पेशी मेल्या असं नाही, तयारी आधीपासूनच चालू होती. माणसाच्या पडद्यात गर्भाशयाच्या तोंडावर टेकलेला जो भाग, तो सगळ्यात आधी विरतो. तिथे पडदा पातळ होतो, धाग्यांची वीण विस्कटते, मरणाऱ्या पेशी जास्त सापडतात. होडीच्या काठावर रोज घासणारा जाळ्याचा भाग आधी जातो, तसंच. पुढे तिथेच दोन पदर एकमेकांपासून सुटतात, आधी कोरियॉन फाटतो, मग एकटा पडलेला ॲम्नियॉन ताणून ताणून तुटतो. नवव्या महिन्यात हे झालं की आपण पेढे वाटायची तयारी करतो.

तुझ्या बाबतीत तेच काम नऊ आठवडे आधी झालं. ‘पीपीरॉम’ म्हणजे एवढंच : ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत आणि कळा सुरू व्हायच्या आधी पाणमोट फुटणं. शंभर गर्भारपणांत साधारण तीन जणींना हे होतं. तू एकटी नाहीस, तुझ्याच तालुक्यात दर वर्षी अशा काही जणी असणार.

लवकर का झालं? सगळ्यात मोठा संशयित म्हणजे संसर्ग. योनीमार्गातले जंतू वर चढून पडद्यापर्यंत पोचतात. शरीर त्यांच्याशी लढायला सुजेची रसायनं सोडतं. ती रसायनं पडद्यातल्या पेशींना मरणाचा हुकूम देतात आणि कापणाऱ्या विकरांना मोकळीकही देतात. जंतूंसाठी पेटवलेल्या वणव्यात आपलाच मांडव जळावा, तसा प्रकार. मधल्या महिन्यांत अंगावरून रक्त गेलं असेल तर त्यातूनही हीच साखळी सुरू होऊ शकते. गर्भाशयाचं तोंड आखूड असणं, आईचं वजन फार कमी असणं, जुळी, तंबाखू, ही बाकीची कारणं. आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत बोट ठेवावं असं एकही कारण सापडत नाही. पेशी आधी मरतात आणि मग पडदा फाटतो, की फाटू लागल्यावर पेशी मरतात, यावर संशोधकांत अजून वाद आहे. बहुधा दोन्ही एकमेकांना ढकलतात. तुझ्या दृष्टीने त्या वादाने फरक पडत नाही.

कळशी या यादीत नाही. विहिरीवरून एक कळशी आणल्याने धडधाकट पडदा फाटत नाही. रोज उन्हात जड ओझी वाहू नकोस, तासन्‌तास उभी राहू नकोस, ते वेगळ्या कारणांसाठी योग्यच आहे. पण नऊ महिने अंथरुणावर पडून राहण्याने पाणमोट वाचते असं दिसलेलं नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, अंगातली ताकद जाते आणि डोक्यात विचार फिरत राहतात. घरातली कामं कर, बाजारात जा, मुलामागे धाव. गाऱ्हाण्याला माझी ना नाही. सासूबाईंनी देवाला सांगितलंय ते चांगलंच केलं. देवाचं काम देव करील, सोनोग्राफीचं काम आपण करूया.

आता तू शेवटी सहज लिहून टाकलेल्या ओळीकडे येते. ‘मशेरी लावते तेवढी सोडली तर.’ अख्ख्या पत्रात मला खरोखर काळजी वाटली ती या एका ओळीची, आणि तू ती व्यसनात धरलीसुद्धा नाहीस! तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांवर फिरवत न्हाणीघराच्या पायरीवर बसायचं. माझी आजी तेच करायची, तो वास अजून माझ्या नाकात आहे. पण ती तंबाखूच आहे. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं, तिथून वारेपर्यंत आणि बाळापर्यंत. मुंबईत १,२१७ गर्भवती बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मशेरीवाल्याच होत्या. त्यांच्या बाळांची वजनं सरासरी १०५ ग्रॅम कमी भरली आणि दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. मागच्या खेपेला मशेरीमुळेच पाणी गेलं असं मी म्हणत नाही, ते कोणालाच सांगता येणार नाही. पण तुझ्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. सोड. हळूहळू नव्हे, या आठवड्यात. चार-पाच दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, शौचाला त्रास होईल. दात घासायला साधी पेस्ट घे, तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेव आणि ती डबी सासूबाईंच्या खोलीत हलव. त्याही लावत असतील आणि त्यांनीही सोडली, तर सोन्याहून पिवळं. मिस्टर विडी ओढत असतील तर ती घराबाहेर. धूर तुझ्याही फुप्फुसात जातो.

व्हिटॅमिन सीची गोष्ट मजेशीर आहे. कोलॅजन बनायला ते लागतं हे खरं, म्हणून कल्पना चांगली वाटली. मेक्सिकोत रोज १०० मिलिग्रॅम देऊन बघितलं, फायदा दिसला. मग दुसरीकडे हजार मिलिग्रॅम आणि सोबत व्हिटॅमिन ई अशा मोठ्या मात्रा देऊन बघितल्या, तर पाणमोट लवकर फुटण्याचं प्रमाण कमी न होता वाढलंच. तेव्हा मोठ्या गोळ्यांच्या नादी लागू नकोस. आवळा, पेरू, लिंबू पोटभर खा. लोह आणि कॅल्शियमच्या सरकारी गोळ्या आशाताई देतात त्या नियमाने घे.

या महिन्यात दोन तपासण्या करून घे. लघवीची कल्चर तपासणी, कारण जळजळ नसतानाही जंतू असू शकतात. आणि अंगावरून पांढरं जात असेल, त्याला माशासारखा वास येत असेल, तर तो ‘बायकांचा नेहमीचा त्रास’ म्हणून सोडू नकोस. दाखव, औषध पुरं कर. त्यानंतर सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्याच्या दरम्यान गर्भाशयाच्या तोंडाची लांबी आतून केलेल्या सोनोग्राफीत मोजून घ्यायची. एकदाच नाही, मधल्या काळात पुन्हा. तुझा मागचा इतिहास असल्यामुळे डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत सांग आणि तो डिस्चार्जचा कागद पुढे ठेव. लांबी २५ मिलिमीटरच्या खाली आली तर प्रोजेस्टेरॉनची औषधं किंवा तोंडाला टाका, असे उपाय आहेत. तेव्हाच उपयोग होतो, नंतर नाही.

परत होईल का, हे तू विचारलंस. इतरांपेक्षा तुझ्यात शक्यता जास्त आहे, ते लपवत नाही. पण एकदा झालेल्या बहुतेक जणींना पुन्हा होत नाही, हेही तितकंच खरं. आणि झालंच, तर या वेळी तुला काय करायचं ते माहीत असेल.

रात्री ओलं लागलं, तर ते पाणी की लघवी की नुसता स्राव? स्वच्छ कोरडा पॅड लाव, अर्धा तास आडवी हो, मग उभी राहा. पाणी असेल तर उभं राहताच पुन्हा भळकन येतं किंवा पॅड भिजलेला असतो. लघवी रोखून धरता येते, हे रोखता येत नाही. लघवीचा वास तुला कळतोच. रंग बघ : पाण्यासारखा किंवा फिकट पिवळसर ठीक. हिरवट, लाल किंवा घाण वास असेल तर एक मिनिट थांबू नकोस. घड्याळ बघून वेळ लिहून ठेव, पॅड पिशवीत घालून सोबत ने. कळांची वाट बघत बसायचं नाही. शरीरसंबंध नाही, टबात-पाण्यात बसणं नाही. खाली दोरीसारखं काही बाहेर आल्यासारखं वाटलं, तर ती नाळ असू शकते. गुडघे टेकून, डोकं खाली, कंबर वर, अशी राहा आणि तशीच गाडीत.

मागच्या खेपेला तीनदा आत हात घालून तपासलं, त्याने मला वाईट वाटलं. बाळंतपण तोंडावर आलेलं नसेल तर हाताने आतून तपासणं टाळायचं असतं, जंतू वर ढकलले जातात. बॅटरीच्या उजेडात उपकरण लावून नुसतं बघायचं. पाणी साठलेलं दिसतं, शंका असेल तर रंग बदलणारा कागद लावतात. गर्भजल अल्कधर्मी असतं, योनीमार्ग आम्लधर्मी, त्यामुळे कागद निळा पडतो. या वेळी तूच नम्रपणे म्हण, “हाताने तपासायची गरज आहे का, डॉक्टर?” कोणी रागावलं तर रागावू दे.

फाटलेली पिशवी क्वचितच आपोआप सांधते, त्यामुळे नंतरचे उपचार तिला शिवण्यासाठी नसतात, दिवस मिळवण्यासाठी असतात. जंतू रोखायला एरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक, बाळाची फुप्फुसं पिकवायला आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं, फार लवकर बाळंतपण होणार असेल तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम. मागच्या खेपेला तुला मिळालेले तीन दिवस किती मोलाचे होते ते तुझ्या मुलाच्या फुप्फुसांना विचार.

आता रस्त्याचं. हिशोब केला तर तुझा एकतिसावा आठवडा जूनच्या सुरुवातीला येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मिस्टर घरी, ही सोयीची गोष्ट. पण तोच पाऊस. घाटात दरड आली की कोल्हापूरचा रस्ता बंद, आणि मग ओरोसचं सरकारी रुग्णालय नाहीतर गोव्यात बांबोळीचं. म्हणून एप्रिलमध्येच विचारून ठेवा की ३२ आठवड्यांच्या आतलं बाळ सांभाळणारा अतिदक्षता विभाग कुठे आहे, आणि पाणी गेलं तर मधे कुठेही न रेंगाळता थेट तिथेच जायचं. बाळ पोटात असताना नेणं, बाहेर आल्यावर पेटीतून नेण्यापेक्षा कितीतरी बरं. १०८ फुकट आहे, तो नंबर सासूबाईंनाही पाठ करायला लाव. मेअखेरपर्यंत मिस्टर समुद्रावर असतील त्या रात्रींसाठी शेजारच्या एखाद्या रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा.

लांबीची पहिली सोनोग्राफी झाली की मिलिमीटरचा आकडा मला कळव. आणि मशेरीची डबी कुठे गेली, तेही.